बेगमीचं सॅलड

सॅलड म्हणजे ताजं. आत्ता धुतलं, आत्ता चिरलं, आत्ता खाल्लं. पण ज्या सॅलडात धान्य असतं, त्यात एक भिडू मुळीच ताजा नसतो. ते धान्य कुणीतरी काही महिन्यांपूर्वी शिजवलेलं, वाळवलेलं, भरडलेलं आणि भरून ठेवलेलं असतं. आपल्या वाडग्यात पडेपर्यंत त्याचं बरंचसं काम होऊन गेलेलं असतं.

हा लेख त्या होऊन गेलेल्या कामाबद्दल आहे. त्यासाठी एकच पदार्थ घेतो: लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या पट्ट्यातलं तब्बूले.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते निदान फोनवर तरी पाहिलं असेल. फलाफलच्या शेजारी असतो तो हिरवा ढीग. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पुण्यात तिघांत मिळून एक फ्लॅट आहे, आणि रविवारी संध्याकाळी स्वयंपाकाची पाळी माझी असते. त्या दिवशी गॅस पेटवायचा कंटाळा आला की मी हे करतो.

कृती लहान आहे. पार्स्लीच्या चार भरगच्च जुड्या, सपाट पानांची मिळाली तर उत्तम. पुदिन्याची एक लहान जुडी. तीन-चार घट्ट टोमॅटो, चार पातीचे कांदे, लिंबाचा रस, ऑलिव्ह तेल, मीठ, थोडी मिरपूड. आणि बारीक बुर्गुल, म्हणजे गव्हाचा एक प्रकारचा भरडा, फक्त तीन मोठे चमचे. पानं धुऊन पूर्ण कोरडी करायची. ओली पानं चिरली की लगदा होतो. टोमॅटो बारीक चिरून त्याचा रस आणि लिंबाचा रस बुर्गुलवर ओतायचा आणि ते पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं. तोवर धारदार सुरीने पानं चिरायची. मिक्सर किंवा चॉपर नको, त्यात पान कापलं जात नाही, चेचलं जातं. मग सगळं एकत्र, वरून तेल, आणि लेट्यूसच्या किंवा कोबीच्या पानात घेऊन खायचं.

पहिल्यांदा कृती वाचली तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता. एवढ्या पानांत तीन चमचे धान्य कशाला? पोट भरायचं असेल तर ते फार कमी आहे. शोभेसाठी असेल तर ते धड दिसतही नाही. काढून टाकलं तर काय बिघडेल?

एक उत्तर स्वयंपाकाचं आहे. टोमॅटो आणि लिंबाचा रस वाडग्याच्या तळाशी साचतो, तो पिऊन घ्यायला कुणीतरी लागतं. बुर्गुल तो पितं, फुगतं आणि चव धरून ठेवतं. पण दुसरं उत्तर इतिहासाचं आहे, आणि ते शोधायला आधी बुर्गुल म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं.

आपल्याकडे दुकानात ‘बल्गर’ आणि ‘दलिया’ ही पाकिटं शेजारी-शेजारी असतात, दिसायलाही सारखी. पण दलिया म्हणजे कच्चा गहू भरडलेला. तो शिजवावाच लागतो. बुर्गुल मात्र आधी शिजवलेला गहू: धुवायचा, मोठ्या भांड्यात उकडायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, थोडं पाणी शिंपडून, चोळून कोंड्याचा काही भाग काढायचा, भरडायचा आणि चाळून जाड-बारीक वेगळं करायचं. जाड बुर्गुल भातासारखं शिजवण्यासाठी. बारीक असतं ते नुसतं भिजवून खाता येतं.

कोकणात आणि गोव्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल, कारण उकडा तांदूळ असाच होतो. भात सालासकट उकडायचा, वाळवायचा, मग कांडायचा. दोन्हीकडे आत घडतं तेही एकच. गरम पाण्याने पिठूळ भाग फुलून एकजीव होतो आणि वाळल्यावर काचेसारखा कडक बसतो. सालाजवळची काही जीवनसत्त्वं पाण्याबरोबर दाण्याच्या आत सरकतात, त्यामुळे साल काढलं तरी सगळी जात नाहीत. कडक दाण्याला कीड सहज लागत नाही. आणि शिजवण्याचं काम एकदा होऊन गेल्यामुळे पुढे सरपण कमी लागतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर जड गणित एकदाच करून उत्तर साठवून ठेवायचं, आणि मागणी आली की ते साठवलेलं उत्तर द्यायचं.

लेबनॉनच्या डोंगराळ गावांत हे काम उन्हाळ्याच्या शेवटी, कापणीनंतर होई. अंगणात तांब्याची मोठी कढई चढे, शेजारपाजार जमे, गहू उकडला जाई. उकडलेल्या गव्हाचा पहिला वाटा पोरांना मिळे, वर साखर किंवा अक्रोड घालून. बाकीचा गहू सपाट धाब्यावर पसरायचा, दिवसभर हलवत राहायचं, पाखरं हाकलायची. वाळला की गिरणीत न्यायचा किंवा जात्यावर भरडायचा. उकडण्यापासून निवडण्या-चाळण्यापर्यंत बहुतेक कष्ट बायकांचे.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे कुरडया घालतात तेव्हा गव्हाचा गरम चीक वाटीत घेऊन पोरं कशी खातात ते आठवा. तिकडचा प्रकार वेगळा नाही. त्या सगळ्या साठवणीला, म्हणजे बुर्गुल, वाळवलेली अंजिरं, लोणची, ऑलिव्ह, दही आंबवून-वाळवून केलेलं किश्क, या सगळ्याला मिळून अरबीत ‘मूने’ म्हणतात. मराठीत त्याला अचूक शब्द आहे: बेगमी.

ही बेगमी किती जुनी? उत्तर ग्रीसमधल्या कांस्ययुगीन वस्त्यांच्या उत्खननात जळून कोळसा झालेले भरडलेल्या धान्याचे दाणे मिळाले, आणि पुरातत्त्व-वनस्पतितज्ज्ञ सुलताना वालामोती यांनी दाखवून दिलं की त्यातलं काही धान्य भरडण्यापूर्वी किंवा नंतर गरम पाण्यातून गेलेलं होतं. म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीही लोक झटपट खाण्याची तयारी आधी करून ठेवत होते.

गहू त्याहून कितीतरी जुना. १९०६ मध्ये कृषिशास्त्रज्ञ आरोन आरोनसोन यांना गॅलिली भागातल्या रोश पिना इथे खडकाच्या फटीत एक रानटी गहू उगवलेला सापडला. माणसाने पेरलेल्या एमर गव्हाचा तो रानातला पूर्वज. १९९७ मध्ये आइनकॉर्न या दुसऱ्या आदिम गव्हाच्या जनुकीय अभ्यासातून त्याचं माहेर आग्नेय तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगराच्या परिसरात असल्याचं पुढे आलं. तब्बूलेचा प्रदेश आणि गव्हाचं जन्मस्थान असे एकमेकांना खेटून आहेत.

त्या एमर गव्हाचा एक वंशज आपल्या रोजच्या ओळखीचा आहे: खपली. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ज्याची खीर करतात तो. खपली कांडून, शिजवून, गूळ घालून खीर करणारी बाई आणि धाब्यावर बुर्गुल वाळवणारी बाई एकाच गव्हाच्या घराण्याला धरून आहेत.

आता पानं. तब्बूले हा शब्द अरबीतल्या ‘मसाला, स्वाद आणणारी गोष्ट’ या अर्थाच्या धातूवरून येतो. नाव धान्याचं नाही, स्वादाचं आहे. पार्स्लीला अरबीत बकदूनिस म्हणतात, आणि तो शब्द ग्रीकमधल्या ‘मॅसिडोनियाची’ अशा अर्थाच्या नावावरून घडला. लिंबू पूर्वेकडून गेलं. त्याचं मूळ ईशान्य भारत, म्यानमार आणि दक्षिण चीनच्या पट्ट्यात. बाराव्या शतकात सलाहुद्दीनचा वैद्य इब्न जुमय याने लिंबावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इतकं तोवर ते तिथे रुळलं होतं.

आणि टोमॅटो? तो अमेरिकेतला. सीरिया-लेबनॉनच्या बाजारात तो एकोणिसाव्या शतकात पसरला. म्हणजे ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं जे पाकिटावर छापलेलं असतं, ते बुर्गुलपुरतं ठीक आहे. आज आपण ओळखतो ते लाल-हिरवं तब्बूले फार तर २०० वर्षांचं. त्याआधी आंबटपणा सुमाक, कच्च्या द्राक्षांचा रस किंवा डाळिंबाच्या रसाचा काकवीसारखा पाक यांतून येई. तुर्कस्तानातल्या किसिर या चुलतभावात डाळिंबाचा पाक अजूनही घालतात. त्यात बुर्गुल भरपूर आणि पानं बेताची असतात.

इथे मूळ प्रश्न परत येतो. शेजारच्या किसिरमध्ये धान्य भरपूर, मग लेबनॉनच्या वाडग्यात तीन चमचे का? याचं एकच कारण दाखवता येणार नाही. पण त्या डोंगरात धान्याची किंमत काय होती, हे मात्र दाखवता येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माउंट लेबनॉनच्या उतारांवर तुतीची लागवड झपाट्याने वाढली. रेशीम निघायचं आणि फ्रान्समधल्या लियोंच्या गिरण्यांकडे जायचं. पैसा यायचा, पण गहू बाहेरून आणावा लागायचा, पूर्वेकडच्या बेका खोऱ्यातून आणि सीरियाच्या आतल्या भागातून. डोंगरात परसातली पानं फुकट होती, दाणा विकतचा.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. मित्रराष्ट्रांच्या आरमाराने किनारा रोखला. ऑटोमन सेनापती जमाल पाशाच्या राजवटीत सैन्यासाठी धान्य आणि जनावरं उचलली गेली, डोंगराकडे जाणाऱ्या धान्यावर निर्बंध आले. व्यापाऱ्यांनी साठे दाबले. १९१५ मध्ये टोळधाड आली आणि उरलंसुरलं हिरवं खाऊन गेली. मग टायफससारखी दुखणी. १९१५ ते १९१८ या काळात माउंट लेबनॉनच्या साधारण चार लाख वस्तीपैकी एक-तृतीयांश ते निम्मी माणसं गेली असे अंदाज आहेत. तुतीच्या बागा पोटात घालता येत नाहीत.

आपल्याकडे ज्याची पुस्तकं घराघरांत भाषांतरातून वाचली गेली, तो खलील जिब्रान याच डोंगरातल्या बशर्री गावचा. त्या वेळी तो न्यूयॉर्कमध्ये होता आणि माउंट लेबनॉनसाठी मदत गोळा करणाऱ्या समितीचा सचिव म्हणून काम करत होता. त्याच्या पिढीतले हजारो लोक आधीच न्यूयॉर्क, साओ पाउलो, ब्युनोस आयर्सला गेले होते. जाताना त्यांनी तब्बूलेही नेलं. ब्राझीलमध्ये ते आज घरचंच झालं आहे.

हा दुष्काळ समजून घेतल्यावर बेगमी या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. वाळवणं, पापड, बरण्या म्हटलं की आपल्याला गोड आठवणी येतात. पण बेगमी मुळात भीतीतून येते. पुढच्या पिकापर्यंत आपण टिकू का, या प्रश्नाचं ते उत्तर असतं. पानं भरवशाच्या दिवसांची, आणि धान्य नसलेल्या दिवसांसाठीचं. तब्बूलेत दोन्ही एका वाडग्यात येतात.

बुर्गुलची ही बाजू पुढेही सुटली नाही. १९६० च्या दशकात अणुयुद्धाच्या धास्तीने अमेरिकेत तळघरांतून निवारे तयार झाले, तेव्हा त्यांत साठवलेली बिस्किटं बुर्गुलची होती. त्याच सुमाराला आणि पुढेही अमेरिकी अन्नमदतीतून बल्गर गहू भारतात येत होता, शाळांतल्या मुलांच्या आहारासाठी. आज सुपरमार्केटच्या ‘हेल्दी’ फळीवर जे महाग पाकीट आहे, ते तेव्हा मदतीच्या पोत्यांतून उतरत होतं.

माझी आजी आटपाडी तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलो आणि सुकडी हे दोन शब्द तिने उच्चारले की घरातले मोठे जरा गप्प होतात. सुकडी म्हणजे कामावर मिळणारं तयार, आधीच शिजवून कोरडं केलेलं खाणं. चूल न पेटवता खाता येईल असं. ती स्वतः थोडी खायची आणि उरलेली पदरात बांधून पोरांसाठी आणायची, असं सांगते. मी फोनवर तिला बुर्गुल समजावून सांगत होतो तेव्हा तिने मध्येच थांबवून विचारलं की तिकडे पण दुष्काळ पडला होता का. पदार्थाची कृती ऐकून तिला पहिली शंका ही आली. मला इतकी पुस्तकी माहिती वाचून जे कळलं, ते तिला कृतीवरूनच कळलं.

दरम्यान सॅलडने जग पाहिलं. फ्रान्समध्ये ‘ताबुले’ म्हणून डब्यात मिळतं ते बहुधा कुसकुसचं असतं, धान्य जास्त आणि पानं नावाला. अमेरिकेत १९७७ मध्ये आलेल्या ‘मूसवुड कुकबुक’सारख्या शाकाहारी पुस्तकांनी ते घरोघरी नेलं. मग क्विनोआचं तब्बूले आलं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही दर बुधवारी तशी एक वाटी मिळते. लेबनॉनचे लोक या धान्याच्या ढिगांवर चिडतात, आणि त्यांचा आग्रह निव्वळ चवीचा नाही. बाकीच्या जगासाठी गहू ही पोट भरायची स्वस्त भर असते. ज्या घरात आजीने दाणा दाणा निवडलेला आहे, तिथे तो चमच्याने मोजला जातो.

आणि तो मोजण्याची वेळ त्या देशावर पुन्हा आली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात स्फोट झाला. त्यात २०० हून अधिक माणसं गेली आणि बंदरातले धान्याचे उंच कोठार-मनोरे फाटले. त्यांची क्षमता १,२०,००० टन होती, आणि आयातीवर चालणाऱ्या देशाचं बहुतेक धान्य तिथून जायचं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा लेबनॉनचा बराचसा गहू तिथूनच येत होता. त्याच उन्हाळ्यात त्या पडक्या मनोऱ्यांत सडणाऱ्या धान्याने पेट घेतला आणि त्यांचा एक भाग कोसळला. १०० वर्षांत रेशमाच्या जागी बँका आणि पर्यटन आलं, पण दाणा बाहेरचाच राहिला.

बेगमी करणारे मात्र अजूनही आहेत. सीरियात अलेप्पोजवळ ‘इकार्डा’ या संशोधनसंस्थेची बियाण्यांची बँक होती. या पट्ट्यातले जुने गहू, सातू, मसूर, त्यांचे रानटी भाईबंद तिथे जपलेले. यादवी युद्धात ती जागा हाताबाहेर गेली. पण तिथल्या शास्त्रज्ञांनी बियाण्यांच्या प्रती आधीच नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फातल्या तिजोरीत पाठवून ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्या तिजोरीतून पहिल्यांदा बियाणं परत काढलं गेलं, ते यांनीच. ते मोरोक्कोत आणि लेबनॉनच्या बेका खोऱ्यात पुन्हा पेरलं गेलं. डेटाचा बॅकअप दूरच्या शहरात ठेवावा हे आम्हाला कामावर पहिल्या महिन्यात शिकवतात. गव्हाच्या बाबतीत ते कुणीतरी करून ठेवलं होतं म्हणून ते वाण आज शेतात आहेत.

अशा सॅलडासाठी लेबनॉनपर्यंतच जावं लागतं असं नाही. दडपे पोहे घ्या. भात भिजवून, भाजून, कुटून पोहे आधीच झालेले. पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, मिरची, लिंबू आणि नारळाचं पाणी, वर झाकण आणि वजन. पोहे ते पाणी पिऊन मऊ होतात, बुर्गुल टोमॅटोचा रस पितं तसंच. फोडणीपुरता गॅस सोडला तर चूल नाही. आपण त्याला सॅलड म्हणत नाही एवढंच.

या एप्रिलमध्ये मी गावी दोन किलो खपली उकडली. दाणा बोटाने दाबला जाईल पण फुटणार नाही इतपत. मग निथळून गच्चीवर जुन्या धोतरावर पसरली. दोन दिवस ऊन कडक होतं. आजी खाली बसून चिमण्या हाकलत होती आणि मी पसरलेला थर जाड आहे म्हणून पुन्हा पुन्हा हलवायला लावत होती. वाळल्यावर मिक्सरमध्ये थोडं थोडं भरडून रव्याच्या चाळणीने चाळलं. खालचं पीठ तिने धिरड्यासाठी ठेवून घेतलं. वरचा भरडा बारीक बुर्गुलपेक्षा जरा जाड झाला, त्यामुळे रसात पंधरा मिनिटांऐवजी चाळीस लागतात. चव बाजारच्यापेक्षा खमंग आहे.

मी हिशेब केला. तीन मोठे चमचे म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. वर्षाचे ५२ रविवार धरले तर १,८२० ग्रॅम. चाळणीतून गळलेलं पीठ वजा केलं तर होळीच्या आसपास बरणी संपेल, आणि गच्चीवर पुन्हा ऊन चढायला तोवर फार दिवस उरलेले नसतील.